बिनसदऱ्याच्या बाह्या

सदरा नाही आणि नुसत्या बाह्या विकत घ्यायच्या, हे माझ्या शिवणकामात मुरलेल्या डोक्यात काही केल्या शिरेना. पण सून फोनवर म्हणाली होती, "आई, सकाळी सायकलवर हात जाम गारठतात, आर्म वॉर्मर घ्यायचेत." मी म्हटलं, "तू घेऊ नकोस, मी येताना आणते." आणि पुण्यात स्कूटरवाल्या बायका उन्हात घालतात ते दंडापर्यंतचे पांढरे सुती हातमोजे घेऊन मी कॅनबेराला आले. सायकल काय नि स्कूटर काय, हात झाकले की झालं, असं मला वाटलं.

सुनेचं नाव कादंबरी. कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात राहते, सरकारी ऑफिसात आयटीचं कंत्राटी काम करते आणि ट्रॅम जवळ असूनही सायकलनेच जाते. माझा मुलगा हृषिकेश सारखा मागे लागलाय, की पुण्याचा फ्लॅट विक आणि इथेच राहा. मला राहायचंही आहे. तिकडे एकटीला घर खायला उठतं. पण सुनेच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हते, आणि ते कळणं महाकठीण. माझी आमटी खारट झाली तरी "छान झालीये, आई". मी पहाटे मिक्सर लावला तरी "नो वरीज, आई". इतकं गोड माणूस पाहुण्यांशीच बोलतं.

हातमोजेही अर्थातच "एकदम मस्त" होते. रोज घालून जायची. एका संध्याकाळी तिच्या हातून चहाचा कप घेताना तिच्या मनगटाला माझं बोट लागलं. फ्रीजमधून काढलेल्या काकडीसारखं गार. शिवाय ती गुडघे चोळत बसली होती.

"त्या मोज्यांत गार लागतं का गं?"

"छे, मस्त कम्फी आहेत."

मला राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. नुसत्या बाह्यांत असं असतं तरी काय?

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बाजारातल्या सायकलच्या दुकानात गेले. तिथल्या बाईला विचारलं, सरळ लांब बाह्यांचा शर्टच का नाही घालत? ती म्हणाली, निघताना थंडी असते, चढ चढला की घाम येतो. मग बाह्या काढायच्या आणि पाठीमागच्या खिशात टाकायच्या. शर्ट कसा काढणार? हे मला एकदम पटलं. बाह्या उलटून पाहिल्या तर आत मऊ लव, बाहेरून गुळगुळीत. घाम बाहेर जाऊ देणारं कापड, वर घसरू नये म्हणून रबराचे ठिपके असलेली पट्टी. गुडघ्यांचीही तशीच जोडी होती. गुडघ्यावर मांस नसतं आणि वारा नेमका तिथेच लागतो, हे तिने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून दाखवलं. सगळ्यात जाड जोडी मी उचलली, तर म्हणाली, त्यात घामाने भिजाल. मधली घेतली, गुडघ्यांचीही. मापाचा प्रश्नच नव्हता. कादंबरीची पोलकी मी शिवलीत, तिचा दंडघेर मला तोंडपाठ आहे.

पण दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. शनिवारी सकाळी गवतावर दव गोठलेलं होतं. दोघं झोपलेली. मी डाव्या हातात पांढरा सुती मोजा चढवला, उजव्यात नवी बाही, सलवारीखाली उजव्याच गुडघ्यावर गुडघ्याची नवी बाही, आणि कादंबरीची सायकल काढली. कॉलेजनंतर पहिल्यांदाच. जरा डगमगले, मग जमलं.

तळ्याकडच्या चढावर दोन्ही हात सारखेच होते. घाम आला. मला वाटलं, उगीच पैसे घालवले. मग उतार लागला आणि डावा हात गेला. ओला सुती मोजा कातडीला चिकटला, वारा आरपार. बोटांनी ब्रेक दाबवेना. उजवा मात्र मजेत होता. गुडघ्यांचंही तेच. एकटी असून मी मोठ्याने हसले. मग आठवलं, की ही पोरगी असाच हात घेऊन रोज ऑफिसला जाते, आणि हसू गेलं.

परत आले तर कादंबरी नाइट ड्रेसवर दारात उभी.

"डोकं फिरलंय का तुमचं, आई? बर्फ पडल्यासारखी थंडी आहे. पडला असतात म्हणजे? फोनही घरी. आणि ते पांढरे मोजे घालून? थंडीत काडीच्या कामाचे नाहीत ते, मला विचारा ना, रोज हात बधिर होतात माझे."

बोलून गेली आणि जीभ चावली. चेहरा पडला तिचा.

"आणि आमटी?" मी विचारलं.

"खारट असते," ती हळूच म्हणाली. "आणि पहाटे मिक्सर नका ना लावू."

मी उजवी बाही काढून तिच्या हातात दिली. आतून अजून गरम होती. तिने ती तशीच दंडापर्यंत चढवली, बरोबर बसली.

"हे पांढरे टाकून देऊ?"

"टाकताय काय? डिसेंबरात इथे ऊन भाजून काढतं, तेव्हा लागतील. तुम्हालाच धुवावे लागतील पण. आता आत या आधी, दार उघडं आहे."

चहा पिताना मी हृषिकेशला म्हटलं, फ्लॅटसाठी गिऱ्हाईक बघ.