रिकामी ओळ

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. पण भीड बाळगणाऱ्याच्याच पदरात भीक पडते, असं काही नाही. शिरीनच्या भिडेची भीक दुसऱ्याच्या पदरात पडली, आणि तेच तिला आजवर पचलेलं नाही.

शिरीन तांबोळी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढली. वडील मेहमूदभाई रेल्वेत होते. मुलगी हुशार, कामाला वाघ. पण कुणाला नको असलेलं सांगायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. शिक्रापूरला सोपानरावांच्या ऑफिसात ती नोकरीला होती. सोपानरावांनी हायवेलगतच्या रानात इमारत उठवली होती. खाली मेस आणि मोबाईलचं दुकान, वर हे ऑफिस. आसपासच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांची हजेरी ठेवणारं सॉफ्टवेअर तिथं तयार व्हायचं. ते चालायचं मात्र क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या, भाड्यानं घेतलेल्या यंत्रांवर.

तिथं ते नेऊन बसवायचं काम कासुर्डीच्या इंद्रजीतकडे होतं. एकेका कारखान्यासाठी तो स्क्रीनवर तासन्‌तास बटणं दाबत बसायचा. त्याचे हाल बघून शिरीननं एक टूल तयार केलं. काय हवंय ते साध्या फाईलमध्ये लिहायचं, टूल ती वाचणार आणि सगळं आपोआप मांडणार. फाईल कशी लिहायची याची भाषाही तिनंच ठरवली. कंस नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत, आणि शब्द आपल्याकडचे: काय, कुणासाठी, किती. इंद्रजीतचं इंग्रजी बेताचं. पहिली फाईल वाचून तो म्हणाला, "मॅडम, हे तर आईला बी वाचता यील."

एवढं कौतुक शिरीनचं कुणी केलं नव्हतं. ती आठवडाभर त्याच वाक्यावर जगली.

पुढं ऑफिसनं चाचणीसाठी वेगळी जागा घेतली. काहीही नवं आधी तिथं करून बघायचं, मग खऱ्या हजेरीला हात लावायचा. म्हणून शिरीननं फाईलमध्ये एक ओळ वाढवली: कुठं. पुढं 'चाचणी' लिहायचं किंवा 'खरं'. पण जुन्या फायलींत ही ओळ नव्हती, आणि त्या बंद पडून चालणार नव्हतं. तेव्हा तिनं ठरवलं, ओळ नसली किंवा रिकामी असली, तर 'खरं' समजावं.

ही खोट आहे हे तिला लवकरच उमगलं. माणूस आहे, एखाद्या दिवशी ओळ विसरणारच. आणि विसरल्यावर घाव बसणार तो खऱ्या हजेरीवर. टूलनं अशा वेळी थांबायला हवं, विचारायला हवं. बदल तसा छोटा होता, पण जुन्या सगळ्या फायलींत ती ओळ भरावी लागणार होती. आणि त्या सगळ्या फायली इंद्रजीतनं लिहिलेल्या. महिनाभर मान मोडून त्यानं हे काम नुकतंच संपवलं होतं. त्यात घरी बहिणीचं, स्नेहलचं, लग्न.

स्नेहलच्या लग्नाला शिरीन मुद्दाम गेली ती त्याला हेच सांगायला. मांडवात इंद्रजीत घामाघूम होऊन पंगतीत वाढत होता. तिला बघून तो धावत आला, आईला म्हणाला, "ह्याच आमच्या मॅडम." आईनं, साखरबाईंनी, तिचा हात धरून तिला पानावर बसवलं आणि नको नको म्हणताना जिलेबी वाढली. अशा मांडवात कुणी कुणाला म्हणतं का, की तुझं महिन्याचं काम पुन्हा उकरायचंय? शिरीननं ठरवलं, सोमवारी सांगू.

सोमवारी इंद्रजीत लाडूचा डबा घेऊन आला आणि वर म्हणाला, "सगळ्या फायली चोख झाल्यात, मॅडम. आता हात लावायचं काम न्हाई."

"छान झालं," शिरीन म्हणाली. तिनं लाडू खाल्ला.

तो सोमवार गेला, मग पुढचा गेला. सोपानरावांना टूलचा भारी अभिमान. शिरूरच्या, चाकणच्या ओळखीच्या ऑफिसांना ते टूल वाटत सुटले. फायली वाढत गेल्या आणि सांगणं अवघड होत गेलं. आधी एकाची भीड होती, आता गावाची झाली.

मग व्हायचं ते झालं. जुनी हजेरी पुसून नवी मांडणी कशी दिसते, हे इंद्रजीतला चाचणीत बघायचं होतं. त्यानं फाईल लिहिली, आणि 'कुठं' राहून गेलं. टूलनं इमानेइतबारे खरी हजेरी पुसली. राखून ठेवलेली प्रतही त्याच फाईलला बांधलेली होती, तीही गेली. नेमका पगाराचा आठवडा. कारखान्याच्या गेटवर कामगार जमले. किती दिवस आलो ते ज्याचं त्यानं तोंडी सांगायचं, आणि ठेकेदारानं मानलं तर मानायचं. "साहब, मैं तो रोज आया," असं एकजण प्रत्येकाला सांगत फिरत होता. इंद्रजीत त्याच्याशेजारी उभा राहून ऐकत होता. त्याला तिथं कुणी पाठवलं नव्हतं.

कारखान्याला दोष द्यायला एक नाव हवं होतं. सोपानरावांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"चूक यंत्राची का माणसाची?"

"माझी हाय, आप्पा," इंद्रजीत म्हणाला. "ओळ राहिली."

शिरीन म्हणाली, "आप्पा, पण ती ओळ राहिली तरी..."

"मॅडम, फायलीत व्हतं तेच तुमच्या टूलनं केलं का न्हाई? तेवढं सांगा," सोपानराव तिला तोडत म्हणाले.

"केलं," शिरीन म्हणाली.

उत्तर खरं होतं. त्याच संध्याकाळी इंद्रजीतनं टेबल आवरलं आणि जाताना तिला नमस्कार करून गेला. तिला वाटलं, ओरडून सांगावं की थांब. पण तिनं मान हलवली, नेहमीसारखी.

बैल गेला अन् झोपा केला, तशी शिरीन मग कामाला लागली. ओळ रिकामी असली तर टूल आता थांबतं आणि विचारतं, कुठं? सगळ्या ऑफिसांच्या फायली एका सकाळी बंद पडल्या. दोन दिवस फोन वाजले, लोक कुरकुरले, एकानं चार शब्दही सुनावले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी ओळी भरल्या आणि विसरून गेले. ज्या त्रासाला ती भ्याली होती, तो एवढाच होता. त्या दिवशी ती ऑफिसच्या जिन्यात बसून रडली.

तिनं सोपानरावांच्या मागं लागून एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली: इंद्रजीत आला, तर त्याला परत घ्यायचं. पुढच्या रविवारी दौंडहून ती तडक कासुर्डीला गेली. इंद्रजीत चुलत्याच्या रोपवाटिकेत ट्रेमध्ये मिरचीची रोपं लावत होता. साखरबाईंनी चहा दिला, लग्नाचे फोटो दाखवले आणि नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या आत गेल्यावर शिरीननं निरोप सांगितला.

इंद्रजीतनं पुढचा ट्रे ओढला. "न्हाई, मॅडम. आता जमायचं न्हाई. परवा चुलत्याच्या मोबाईलवरनं पैसे पाठवायचे व्हते, तर शेवटचं बटण दाबवंना. दुसऱ्याला दाबायला लावलं. हितं बरंय. रोप मेलं तर दुसरं लावता येतं."

"अरे, मी आता बदललंय ते. ओळ राहिली तर टूल थांबतं."

"कळलं मला. ऑफिसातल्या पोरांनी सांगितलं." त्यानं हातातलं रोप दाबून बसवलं. "रिकामी ओळ खऱ्यावर जाती, हे मला आधीच ठाऊक व्हतं. लग्नाच्या आधी एकदा राहिली व्हती माझ्याकडनं. बारका बदल व्हता, कुणाला कळलं न्हाई."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढं मन लावून केलेलं. आमच्यासाठी आपल्या भाषेत केलेलं. लग्नात सांगणार व्हतो, तर तुम्ही पानावर बसला व्हता. म्हटलं, जेवत्या माणसाच्या कामात खोट कशी काढायची."

"मी त्या दिवशी तेच सांगायला आले होते, इंद्रजीत."

त्याचा हात ट्रेवर तसाच राहिला. त्यानं वर तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता तरी हा चिडेल. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"सांगायचं व्हतं की, मॅडम," तो हळूच म्हणाला. "वऱ्हाड गेल्यावर मांडवातच बसून सगळ्या फायली बदलल्या असत्या दोघांनी."