कपाटाचं दार

“बाबा, नुसते पाय दिसतायत तुमचे. अडकलात तर ओढून कशी काढू?”

“नाही अडकत. तू वर जा,” मास्तर आतून म्हणाले.

बोटीच्या पुढच्या टोकाला, डेकच्या बरोबर खाली, दोर आणि ताडपत्र्या कोंबायचा एक चिंचोळा कप्पा होता. बोट मास्तरांची, डेकवरची खुंटी न खुंटी त्यांनी स्वतः बसवलेली; पण या कप्प्यात ते आजवर कधी शिरले नव्हते. पोट आडवं यायचं. तिथं शिरायची त्यांची बायको. दोर बांधायची खुंटी डेकवर पक्की करायची तर माणसं दोन लागतात. एकानं वरून बोल्ट फिरवायचा, दुसऱ्यानं खालून पान्यानं नट धरून ठेवायचा. मास्तर वर मोकळ्या हवेत आणि बायको खाली अंधारात, ही वाटणी लग्नापासूनची. त्यात मास्तरांचा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला. “नीट धर! झोपलीस का?” हे अख्ख्या धक्क्याला ऐकू जायचं. धक्क्यावर त्यांचं नावच भोंगा पडलं होतं, आणि लोक ते तोंडावर म्हणायचे. खालून उत्तर यायचं ते एवढंच, “धरलंय हो.”

ही पुढची खुंटी दोघांनी मिळून बसवलेली शेवटची. पाणी आत येऊ नये म्हणून बोल्टभोवती सीलंट भरलं की नट लगेच करकचून आवळत नाहीत. थोडा आवळायचा, सीलंट सुकू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा पीळ द्यायचा. “उरलेलं उद्या,” म्हणत ती बाहेर आली, हात धुतले, जेवली, आणि झोपेतच गेली. उरलेलं वर्षभर तसंच राहिलं. पाऊस आला की तिथून पाणी झिरपायचं आणि फळीवरून ओघळत केबिनमध्ये यायचं, तेही नेमकं तिच्या उशीवर.

उद्या बोटीला गिऱ्हाईक येणार होतं. मुलीनंच शोधलेलं. मास्तर विकायला कसेबसे तयार झाले होते, पण तिचं काम अर्धवट ठेवून बोट दुसऱ्याच्या हाती द्यायला त्यांचं मन घेईना. मुलगी म्हणाली होती, “मेकॅनिकला सांगू ना, चुटकीसरशी करून देईल.”

“मेकॅनिकचा काय संबंध? आमच्या दोघांचं काम आहे ते.”

शेवटी मुलगी वर आणि मास्तर खाली, असं ठरलं. पोट आता आडवं येत नव्हतं. वर्षभरात मास्तर निम्मे झाले होते.

आत सरकून त्यांनी मान वर केली आणि काहीतरी खाडकन कपाळात घुसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात लावला तर रक्त. त्यांनी बॅटरी लावली. नटाच्या खाली बोटभर लांब बोल्टचं टोक लोंबत होतं. “लांब असलेला बरा, टोक मागाहून कापू,” असं मास्तर दर वेळी म्हणायचे, आणि ते मागाहून कधी आलंच नाही.

बॅटरी आणखी पुढे फिरली. डोक्यावर सगळीकडे तसलीच टोकं होती. आणि प्रत्येक टोकावर बाटलीचं एकेक बूच खोचलेलं होतं, सुरीनं मधोमध कोरून. काही जुनी, काळी पडलेली. उघडं होतं ते एवढं एकच. त्याच्या नटावर पाना सुतळीनं बांधून ठेवलेला, दुसऱ्या दिवशी शोधायला नको म्हणून. शेजारच्या फळीवर एक कोरं बूच, कोरून तयार.

मास्तर बघतच राहिले. फार वर्षांपूर्वी तिच्या कपाळावर सदा टेंगूळ नाहीतर खोक असायची. विचारलं की म्हणायची, “कपाटाचं दार लागलं.” केबिनमधल्या स्टोव्हवरच्या कपाटाचं. “तुझं नि त्या दाराचं मागच्या जन्मीचं वैर आहे,” म्हणून मास्तर चिडवायचे. एकदा त्यांनी ते दार बिजागऱ्यांसकट उचकटून फेकून दिलं, आणि खरंच, त्यानंतर तिला कधी लागलं नाही. केवढी फुशारकी मारली होती त्यांनी! मूळच उपटून टाकलं, असं दिसेल त्याला सांगत सुटले होते. ती शेजारी उभी राहून हसायची. एकदा, फक्त एकदा म्हणाली असती तर सगळी टोकं त्यांनी त्याच दिवशी कापली असती. की तिनं म्हटलं होतं, आणि वर आपलाच भोंगा चालू होता? मास्तरांना आठवेना.

“बाबा, धरलं का? अहो नीट धरा ना! झोपलात की काय?” वरून मुलगी ओरडली. अगदी बापाचा आवाज.

“धरलंय गं,” मास्तर म्हणाले.

बोल्ट करकरला, नट फळीत रुतून बसला. मास्तरांनी सुतळी सोडली, पाना खिशात घातला आणि कोरं बूच त्या टोकावर अंगठ्यानं दाबून बसवलं.

ते बाहेर आले तेव्हा मुलगी केबिनमध्ये उतरली होती. “अगं बाई, रक्त! काय लागलं?”

“काही नाही. कपाटाचं दार.”

मुलीनं स्टोव्हकडे पाहिलं. उघड्या कपाटात कप मांडलेले होते. चौकटीला बिजागऱ्यांची जुनी भोकं तेवढी दिसत होती.

“बाबा, त्याला दार कुठंय?”

मास्तर तिच्या आईच्या जागेवर, त्या ओल्या उशीशेजारी बसले. मुलीनं रुमाल भिजवून त्यांच्या कपाळावर दाबून धरला.

“खूप लागलंय का?”

“मला नाही गं,” मास्तर म्हणाले. “तिला लागायचं.”