वाजवतंय कोण?

फुकटचं काही मिळालं की माझा नवरा अक्कल गहाण ठेवतो. तोंडावर मी त्याला 'अवो' म्हणते. इथं मात्र शहाजीच म्हणणार, कारण त्या दिवसाचा राग माझा अजून गेलेला नाही.

कुंभारीच्या कामगार कॉलनीत आमच्या दोन खोल्या. त्यातल्या बाहेरच्या खोलीत शहाजी गाणी करतो. टॉवेलच्या कारखान्यातली पाळी संपली की लॅपटॉप, दोन स्पीकर, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ठोकलेल्या जुन्या चादरी. टेंभुर्णीकडच्या बापूसाहेबांनी त्यांच्या गावच्या बिरोबाच्या यात्रेसाठी गाणं सांगितलं होतं. चाल बसली, गाऊनही झालं, अडलं ते ढोलावर. ढोलाचे तयार तुकडे मिळतात नेटवर, लूप म्हणतात त्याला. एवढासा तुकडा घ्यायचा आणि तोच पुन्हा पुन्हा जोडत जायचा. चांगले होते ते सगळे डॉलरमध्ये. स्वस्तातले सगळे पंजाबी, ते लावले की बिरोबा घोड्यावर बसून लग्नाला निघालाय असं वाटायचं. फुकटच्या एका तुकड्यात तर मध्येच एक बाई इंग्रजीत 'हा फक्त नमुना आहे' असं बजावायची. आठवडाभर ते ऐकून माझे कान किटले.

शेवटी त्याने सांगोल्याकडून गुंडामामांना बोलावलं. गुंडामामा म्हणजे माझ्या सासूचे, मायाक्काआत्यांचे, धाकटे भाऊ. आत्यांच्या अंगात बिरोबाचं वारं येतं. मामांचा ढोल वाजला की येतं, आणि उतरवतात तेही मामाच. लग्न होऊन आल्यापासून दर यात्रेत मी हे बघत आले. यंदा आत्यांच्या छातीत स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी बजावलं, जिना चढायचा नाही, दगदग नाही, यात्रेचं तर नावच नको. म्हणून त्या आमच्याकडे होत्या.

मामा आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. "आदी अक्काला लांब कुटंतरी पाटव."

मी आत्यांना कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला ओळखीच्या अंबुबाईंकडे नेऊन बसवलं. मग मामांनी ढोल वाजवला. समोर माणूस नाही, नुसता माईक, तरी शेवटी त्यांनी उतरता ठेका धरला, ढोल शांत केला आणि चामड्यावर हात ठेवून नमस्कार केला. "हे तिच्या कानावर पडू देऊ नगो," म्हणाले आणि एसटी गाठायला गेले.

शहाजीने मधला भरातला तुकडा कापून घेतला, गाण्याखाली टाकला, आणि जेवायच्या आधीच बापूसाहेबांना गाणं पाठवून मोकळा झाला. इतका खूश की जेवताना कालवणात मीठ नाही हेही त्याला कळलं नाही.

दुपारी आत्या परत आल्या. आतल्या खोलीत परात घेऊन मेथी निवडत बसल्या. शहाजीला आपली करामत मोठ्या आवाजात ऐकायची हौस आली. त्याने कानाचा हेडफोन काढला.

"अवो, आत्या हायत घरात," मी म्हटलं.

"यंत्रातनं कुटं देव येतोय व्हय? खुळी का काय तू?"

त्याने बटण दाबलं. आतून परात पालथी पडल्याचा आवाज आला.

आत्या दारात उभ्या होत्या. केस सुटलेले, डोळे तारवटलेले, आणि पाय ठेक्यावर पडत होते. हे मला नवीन नव्हतं. यात्रेत असंच होतं. पण तिथं थोड्या वेळाने मामा ठेका सैल सोडतात, आत्या दम घेतात, मग मामा पुन्हा धरतात. इथं सैल सोडणारं कुणी नव्हतं. तोच तुकडा, तसाच, पुन्हा. आत्यांचे ओठ काळसर पडायला लागले.

"बंद करा!" मी ओरडले.

शहाजीने बंद केलं. आत्या जागच्या जागी ताठ झाल्या. श्वास आत गेला तो बाहेरच येईना, घशातून घरघर निघाली आणि त्या गॅसच्या टाकीवर कलल्या. मी त्यांना कसंबसं धरलं. अंग लाकडागत झालेलं.

"लावा! परत लावा!"

ढोल सुरू झाला, तसा श्वास सुटला आणि पाय पुन्हा पडायला लागले. वाजवलं तर छाती फुटणार, थांबवलं तर श्वास अडकणार. शहाजीने मामांचा उतरता ठेका शोधून लावला. ठेका त्याच्या वेळेला उतरून गेला, आत्या उतरल्या नाहीत. पुन्हा तोच तुकडा लावावा लागला. मी अँब्युलन्सला फोन केला, गाडी निघते म्हणाले. मामांचा फोन नुसता वाजत होता.

आत्यांनी स्पीकरकडे तोंड केलं. आवाज त्यांचा नव्हता.

"गुंडा कुटं हाय?"

शहाजीने हात जोडले. "मामा गावाकडं गेलं, आये."

"मग वाजवतंय कोण?"

ढोल चालूच.

"माज्याकडं बगतंय कोण?"

देव खरा की खोटा ते मला विचारू नका. आत्यांच्या छातीतली स्प्रिंग खरी होती आणि पाय थांबत नव्हते. मी पिठाचा डबा उचलला, पीठ तिथंच जमिनीवर ओतलं आणि डबा पालथा घालून त्यांच्यासमोर बसले.

"मी हाय, आत्या. मी वाजवतीया."

आमच्यात बायका ढोलाला हात लावत नाहीत. मला वाजवता येतही नाही. एवढंच माहीत होतं की वाजवताना मामा कधी ढोलाकडे बघत नाहीत, बहिणीच्या पायाकडे बघतात. मी टाचेवर नजर ठेवली. टाच पडली की हात मारायचा. शहाजीला खुणावलं, त्याने स्पीकरचा आवाज हळूहळू कमी करत नेला. खोलीत नुसता डबा उरला.

मला भयंकर भीती वाटत होती. ही बाई माझ्या हाताखाली गेली तर जन्मभर हे हात घेऊन मी कुठं जाऊ, एवढंच डोक्यात. आत्यांचा पाय जरा उशिरा पडला, मी थांबले, मग मारलं. पुढचा आणखी उशिरा. मध्येच त्यांनी एकदम जोर धरला, माझा हात चुकला, त्या कळवळल्या. मी रडत रडत परत टाच पकडली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाय घासत आले, गुडघे वाकले, आणि आत्या पिठात बसल्या. माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाल्या, "पानी दे गं." आता तो आवाज माझ्या सासूचा होता. मी त्यांना घट्ट धरलं आणि नवऱ्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या.

अँब्युलन्स अजून वाटेतच होती. पाणी पिऊन झाल्यावर आत्यांनी शहाजीचं मनगट धरलं. दम लागलेला, तरी पकड सुटेना.

"ह्ये कुणाकुणाकडं गेलंय, शहाजी?"

"बापूसाहेबाकडं. आजच त्येंची यात्रा हाय, तितं लावनार हायत."

"तितं वारं येनाऱ्या लई बाया हायत. त्येंच्याकडं कोण बगनार?"

शहाजीने फोन लावून स्पीकरवर टाकला. बापूसाहेबांच्या आधी मामांचा ढोल ऐकू आला.

"शहाजीराव! लई भारी जमलंय गानं! मगापासनं रिपीटला टाकलंय, ढोलवाल्यास्नी सुट्टीच दिली. देवळाम्होरं म्हाताऱ्या बगा कशा नाचत्यात. थांबायचं नाव न्हाय! बोला की, काय म्हनताय?"

शहाजीने 'बंद करा' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. बंद केलं तर काय होतं ते आम्ही नुकतंच बघितलं होतं.

"हॅलो? आवाज येतोय का?" बापूसाहेब विचारत होते. मागे मामांचा ढोल तसाच वाजत होता.