डावीकडचं बटण

वायरमनने जीपच्या टपावरचा चौथा दिवा आवळला, वायर काचेशेजारच्या खांबालगत आत सोडली आणि तिचं टोक बटणाला जोडून पुन्हा वर चढला. वरून त्याने हाक दिली, "हं, दाब!"

दिवे लागले नाहीत. लागणार कसे? आत कोणी नव्हतंच.

टपावरच्या दिव्यांचं काम दोघांचं. एकाने वर बघायचं, दुसऱ्याने आत बटण दाबायचं. वीस वर्षं आत त्याची बायको बसायची, तीही डावीकडे. स्टिअरिंगमागे तिला अडकल्यासारखं व्हायचं. म्हणून तपासणीपुरतं बटण तिच्या हाताशी लोंबत ठेवायचं. दाबलं की ती ओरडायची, "अहो, पडला का उजेड?" आणि तो "पडला" म्हणेपर्यंत बोट उचलायची नाही. मग ती उठली, की तो बटण उजवीकडे पक्कं बसवायचा.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे चार महिन्यांपूर्वी गेली ती, आणि खोड याच्याकडे राहिली.

तो उतरला, दारातून हात घालून त्याने स्वतःच बटण दाबलं आणि मान वाकडी करून वर पाहिलं. चारही दिवे लागले होते. त्याला काडीचाही आनंद झाला नाही. भोक पाडून त्याने बटण तिथेच बसवून टाकलं.

गाडीच्या मालकीणबाई दुपारी आल्या. डोंगरात एकट्याने फिरून जमीन मोजायचं त्यांचं काम. उद्याच निघायचं होतं. स्टिअरिंगमागे बसून त्यांनी हात लांबवला, मग आणखी लांबवला.

"बटण तिकडे कशाला लावलंत? चालवताना माझा हात कसा पोचणार?"

वायरमनने बटणाकडे पाहिलं. डावीकडून कोणी उठलंच नव्हतं.

"चुकलं," तो म्हणाला. "तिथे बायको बसायची."

"मग आज कुठे आहेत त्या?"

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे हे त्याला आजवर कोणाला सांगावं लागलं नव्हतं. त्याने पक्कड खाली ठेवली.

"नाही ती आता. गेली."

बाईंनी लांबवलेला हात मागे घेतला. आधीच्या वायरला जोड देऊन भागलं असतं, पण त्याने नवी अखंड वायर उजवीकडे ओढली, बटण बसवलं आणि तो टपावर चढला.

"दाबू का?"

"दाबा."

भर उन्हात चारही दिवे लागले.

"पडला," तो म्हणाला.

बाईंनी घाबरून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय पडलं?"

"उजेड," वायरमन म्हणाला. थोडं थांबून तो पुढे म्हणाला, "बोट उचला आता."