न समजता दिलेला होकार

जर्मन शिकायला नवनाथचा भरवसा ॲपवर, माझा चॅटबॉटवर. जर्मनीतल्या इस्पितळात मला नर्सची नोकरी मिळावी म्हणून वर्षभर तयारी चालली होती आणि मोहोपाड्याच्या आमच्या खोलीत यावरून रोज खडाजंगी व्हायची. "चुकलीस की ॲप लाल खूण करतं. तुझा बॉट नुसते लाड करतोय गं!" नवरा म्हणायचा. ते खरंच होतं. माझं जर्मन कितीही मोडकं असो, बॉट माझ्या मनातलं ओळखून वर शाबासकी द्यायचा. पण ॲपशी बोलणार काय? घोकलेलंच पुन्हा घोकायचं.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. जर्मन बाई आधी छान बोलली. मग म्हणाली, "आता मी तुमची मधुमेहाची म्हातारी पेशंट. तुम्ही माझं इन्सुलिन घेऊन आलात." आणि तोंडातल्या तोंडात, भराभर काहीतरी पुटपुटली. असलं जर्मन ना ॲपनं ऐकवलं होतं, ना बॉटनं. मोठं माणूस बोलत असलं की मान हलवायची, ही लहानपणापासूनची खोड.

"हो, हो," मी म्हटलं. "देते आता."

बाईचं हसू मावळलं. "मी काय सांगितलं?"

समोर, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, नवनाथ दुसरा मोबाईल धरून उभा होता. एरवी ॲपचे गोडवे गाणाऱ्यानं आज बॉटलाच कान लावून बसवलं होतं! उत्तर पडद्यावर आलं होतं. "वाच की गं," तो नुसत्या ओठांनी म्हणाला.

वाचलं असतं तर निभावलं असतं. पण तिकडच्या वॉर्डात माझ्यापुढे मोबाईल कोण धरणार? मी नजर वळवली.

"मला कळलं नाही," मी जर्मनमध्ये म्हटलं. "घाबरून हो म्हटलं. हळू सांगाल का?"

तिनं सांगितलं. "ते इंजेक्शन मला मघाशीच दिलंय." दुसरा डोस गेला असता तर म्हातारी जिवाला मुकली असती.

बाई कितीतरी वेळ काहीतरी लिहीत राहिली. नवनाथनं कपाळाला हात लावला.

"तुम्हाला घेतोय," ती शेवटी म्हणाली. "पण पहिले सहा महिने एकटीनं औषध द्यायचं नाही. शेजारी दुसरी नर्स असेल."

नवनाथ उड्याच मारायला लागला. मी खोपोलीच्या दवाखान्यात इतकी वर्षं इंजेक्शनं दिली होती. अपमानानं माझे डोळे भरून आले. बाईचं बरोबर होतं, तेच जास्त झोंबलं.