लाल दिवा खोटं बोलत नव्हता

मी गाडीच्या पोटातला चार्जर बोलतोय. म्हणजे परवापर्यंत पोटातला होतो. आता पाथर्डीजवळच्या एका वस्तीवर, ओसरीच्या कोपऱ्यात, खताच्या रिकाम्या गोणीवर पडलोय. अंगाचा जळका वास अजून गेलेला नाही. उद्या भंगारवाला येईल. त्याआधी कुणीतरी माझं ऐका हो. प्रश्न आता माझा नाही, मुक्ताबाईंच्या जिवाचा आहे.

भिंतीतली वीज घ्यायची आणि बॅटरीला पचेल अशी करून द्यायची, हे माझं काम. कौतुक बॅटरीचं होतं. आमचं नाव निघतं ते बिघडल्यावर.

मुक्ताबाईंच्या किडन्या गेल्या, नगरला डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या. जीपच्या हेलपाट्यांनी त्या अर्ध्या होऊन परत यायच्या. म्हणून आदिनाथनं, त्यांच्या लेकानं, ही विजेवरची गाडी घेतली. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून मुक्ताबाई गाडीत कधी चपला घालून बसल्या नाहीत. खाली मातीत चपला काढायच्या, दारावर तळवा टेकवून तोच कपाळाला लावायचा, मगच आत. आदिनाथ हसला तर म्हणायच्या, "मला दवाखान्यात न्हेती ती लक्ष्मीच हाय. तिच्यात चपला घालून बसायचं व्हय?"

त्या तळव्यासाठी मी उन्हातान्हात राबलो. खोटं कशाला सांगू, मला ती बाई आवडते.

माझा एकच हट्ट. चुकार वीज जमिनीत उतरायला वाट हवी, म्हणजे अर्थिंग हवं. घरामागं त्यासाठी लोखंडी पाइप पुरलेला आहे. त्याच्याशेजारीच मुक्ताबाई भांडी घासायच्या. ते पाणी मुरायचं, माती ओली राहायची, मी निवांत. पुढं आईला बाहेर वाकायला नको म्हणून आदिनाथनं घरात सिंक बसवलं. माया होती ती, नाव कुणाला ठेवू? पण मागचा मुरूम वाळून फुफाटा झाला आणि माझी वाट बंद पडली.

मी केबलवरचा दिवा लाल करून अडून बसलो. त्याचा अर्थ एवढाच होता, की इथं धोका आहे. पण आईच्या डायलिसिसची पाळी दुसऱ्या दिवशीच होती. आदिनाथ घायकुतीला आला आणि त्यानं गावातल्या छगन वायरमनला बोलावलं. छगननं भिंतीतला प्लग उघडला. "लई नखरे हायेत हिचे," म्हणाला, आणि अर्थिंगची तार आतल्या आत न्यूट्रलला, म्हणजे वीज खांबाकडं परत नेणाऱ्या तारेला, जोडून टाकली. दिवा हिरवा झाला. सगळ्यांना हायसं वाटलं. माझ्या तोंडात बोळा कोंबला होता, ते कुणाला कळणार?

मग वावटळीत खांबावरची न्यूट्रलची तार सुटली. नको तेवढी वीज एकदम अंगावर आली आणि मी जळालो.

गाडी टेम्पोवर घालून नगरला नेली. शोरूमच्या इंजिनिअरनं लॅपटॉप जोडला, फ्यूज पाहिले, केबल पाहिली, पिना पुसल्या, मला उघडून पार आतड्यांपर्यंत तपासलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गाडी घरी कुठल्या प्लगला लावता, हे विचारलंच नाही कुणी. विचारलं असतं तर आदिनाथनं सांगितलंही असतं, तो लबाड नाही. नवा चार्जर बसवून दिला आणि मला गोणीत घालून सोबत पाठवलं.

आज दुपारी तो नवा बिचारा त्याच प्लगला लागला. दिवा हिरवागार. खांबावरची तार नुसती पिळून बसवली होती, ती पुन्हा ढिली झालीय. आणि प्लगातल्या त्या जोडामुळं तिकडची वीज थेट गाडीच्या पत्र्यावर यायला मोकळी आहे.

ऊन उतरल्यावर मुक्ताबाई गाडी बघायला आल्या. चपला काढल्या, दारावर हात टेकवला आणि चटकन मागं घेतला. "आदिनाथा, हात लावला की झिणझिण्या येत्यात रं."

आदिनाथनंही दाराला हात लावून बघितला. त्याच्या पायात रबरी चप्पल. त्याला काही जाणवलं नाही. त्यानं आईचा हात हातात घेऊन चोळला. "आजारानं येत्यात आई त्या. डॉक्टर म्हनलेच हुते. उद्या दवाखान्यात सांगू."

त्यांनाही ते पटलं. आजारी माणसाला काहीही पटतं.

उद्या डायलिसिसची पाळी आहे. निघेपर्यंत प्लग लावलेलाच असतो. सिंकमुळं घरामागची माती कोरडी असली, तरी गाडी उभी असते तिथं रेश्मा, आदिनाथची बायको, सकाळी सडा टाकते. त्या ओल्या मातीत मुक्ताबाई चपला काढतील आणि दारावर पुरा तळवा टेकवतील. तोवर खांबावरची तार तग धरेल का, मला माहीत नाही. मी ओरडतोय, पण जळक्या डब्याला आवाज कुठला!

आदिनाथ, बाबा, आईला हात लावू देण्याआधी प्लग काढ. तेवढं सुचलं नाही, तर उद्या एकदाच, आईच्या आधी, चपला काढून तू गाडीला नमस्कार कर.