पाचवा कप्पा

वैष्णवीला सकाळी साडेदहाला पहिली किळस आली ती लॅपटॉपची. वाटीची आली अकरानंतर.

न्हावरे गावातल्या घरात आज तिच्या रुद्रचं उष्टावण होतं. सहा महिन्यांच्या पोराला पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून तिचा धाकटा भाऊ हृतिक दौंडहून गाडीवर निघाला होता. आणि आजच बारापर्यंत तिला पुण्याच्या ऑफिसला ‘तपासलं, ठीक आहे’ अशी सही पाठवायची होती. सही म्हणजे स्क्रीनवरचं एक बटण, पण त्याच्याशेजारी तिचं नाव उमटणार होतं.

तिची कंपनी एकाच मोठ्या मशीनवर तीन हॉस्पिटलांच्या सिस्टीम वेगवेगळ्या चालवून देणार होती. प्रत्येक सिस्टीमला वाटतं, सगळं मशीन आपलंच. पण मशीन त्यांचं नसतं, म्हणून त्यांना गेस्ट म्हणतात, पाहुणे. आणि त्या सगळ्यांना सांभाळणारा घरमालक म्हणजे हायपरव्हायजर. पाहुण्याला काही हवं असलं की मालकाला हाक मारायची, आणि त्या हाकेची रीत ठरलेली. पहिल्या कप्प्यात कामाचा नंबर, पुढच्या कप्प्यांत लागेल ते सामान, मग हाक. उत्तर पहिल्या कप्प्यात येतं. हे कप्पे म्हणजे प्रोसेसरची रजिस्टरं. एकेकात जेमतेम आठ अक्षरं मावतात, आणि सगळे पाहुणे तेच कप्पे पाळीपाळीनं वापरतात.

वैष्णवीनं एका पाहुण्याच्या बाजूनं हाक मारली. उत्तर बरोबर आलं. तरी तिनं टेस्टमध्ये चार ओळी वाढवून बाकीचे कप्पेही उघडून पाहिले. नवऱ्यानं लावलेलं कुलूपसुद्धा ती दोनदा ओढून बघायची. पाचव्या कप्प्यात आठ इंग्रजी अक्षरं होती. वाचली तर ‘कस्तुराब’. पुन्हा हाक मारली, तर एका मोबाइल नंबराचे आठ आकडे. तिसऱ्यांदा एका आजाराच्या नावाचा तुकडा. तो वाचून तिनं लॅपटॉप अर्धा मिटला.

हे शेजारच्या पाहुण्याचं होतं. चाचणीसाठी म्हणून कुणीतरी एका हॉस्पिटलची खऱ्या पेशंटांची यादीच तिथं उतरवून ठेवली होती, आणि मालक एकाचे कप्पे न पुसता दुसऱ्यापुढं ठेवत होता. कुठल्या कस्तुराबाई, कोण जाणे. त्यांचं दुखणं न्हावऱ्याच्या एका पडवीत येऊन पडलं होतं.

तिनं पृथ्वीराज सरांना फोन लावला.

“येणारच ते,” सर म्हणाले. “कागदावर काय लिहिलंय? हाकेनंतर बाकीच्या रजिस्टरांत काय असेल त्याची खात्री नाही. मग रीत कुठं मोडली आपण?”

“पण कुणी बघितलं तर, सर?”

“दुसऱ्याच्या ताटात बघायचंच कशाला? टेस्टमधल्या त्या बघायच्या ओळी काढून टाक, हिरवी होईल, पास. सही कर आणि मोकळी हो. आज तुझ्या मुलाचं काहीतरी आहे ना?” ते हसले. “आणि घरून काम मी दिलंय तुला, लक्षात आहे ना? ऑफिसातली माणसं एवढं उकरत बसत नाहीत.”

त्या हसण्यातला गोडवा तिच्या कानाला सांडलेल्या पाकासारखा चिकटून राहिला.

स्वयंपाकघरात सासूबाई, कुशाबाई, खीर ढवळत होत्या. “वैष्णवे, वाटी घे. पाव्हणं येतीलच आता.”

चांदीची वाटी शेजारच्या रंगुबाईंनी गेल्या आठवड्यात नातवाच्या उष्टावणाला नेली होती. आत्ताच त्यांनी ती परत आणली होती, रिकामी देऊ नये म्हणून मूठभर साखर घालून. वैष्णवीनं साखर ताटलीत उपडी केली. तळाला पिवळट पापुद्रा होता, वाळलेल्या खिरीचा. त्यात एक मेलेली मुंगी. काठाला पोराची लाळ सुकलेली. तो नातू चार दिवस जुलाबानं पडून होता, हे सगळ्या आळीला माहीत होतं. तिनं वाटी हातभर लांब धरली.

“आई, ही धुतलेली नाही.”

“साखर घालून दिलीय की. रिकामी कुठं दिली?”

“साखरेखाली बघा.”

रंगुबाई उंबऱ्यातच होत्या. “मला वाटलं, तुम्ही घेताना धुऊनच घेता.”

“आन् मला वाटलं, तू धुऊन दिलीस,” कुशाबाई म्हणाल्या. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. “आण हिकडं, पदरानं पुसते.”

“नको.”

वाटी मोरीत ठेवून ती लॅपटॉपपाशी आली. मालक म्हणतो, पाहुणा बघणार नाही. पाहुणा धरून चालतो, मालकानं पुसलं असेल. बाराला पाच कमी असताना तिनं टेस्ट लाल, म्हणजे नापासच ठेवली आणि खाली लिहिलं: दुसऱ्या गेस्टचा डेटा पाचव्या रजिस्टरात दिसतो, प्रत्येक हाकेनंतर बाकीची रजिस्टरं शून्य करा, तोवर सही नाही.

सव्वाबाराला टेस्ट हिरवी झाली होती. ऑफिसातल्या समृद्धीनं बघायच्या ओळी काढून सही ठोकली होती. वर ‘तपासणी: वैष्णवी’ तसंच होतं. आपल्या नावाची तिला घाण वाटली, केस निघालेल्या घासासारखी.

कस्तुराबाईंच्या हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं काम बघणारे शंकरराव जुन्या मेलमध्ये होते. वैष्णवीनं त्यांना सरळ लिहिलं. कस्तुराबाईंचं एक अक्षरही न घालता, फक्त हाक कशी मारायची आणि पाचवा कप्पा कसा उघडायचा. पाठवलं आणि मोरीकडं गेली.

हृतिक आला तेव्हा ती उकळत्या पाण्यानं तिसऱ्यांदा वाटी घासत होती.

“ताई, चांदी ऱ्हाईल का न्हाई त्या वाटीला?”

“चांदी जाऊ दे. तू हात धू. साबणानं. नखंसुद्धा.”

“ऑपरेशन करायचंय का घास भरवायचाय?”

“बसा पाव्हणं, तिच्या नादी लागू नका,” कुशाबाई म्हणाल्या. “सकाळपासनं समद्याच्या तळाला बघत सुटलीय.”

फोन वाजला. पृथ्वीराज सरांचा मेसेज होता: शंकररावांना तू कळवलंस?

तिनं ‘हो’ लिहिलं. लगेच दुसरा आला: लॅपटॉप सोमवारी ऑफिसात आणून दे. तिनं फोन पालथा ठेवला आणि रुद्रला मांडीवर घेतलं.

हृतिकनं बोटाच्या टोकावर खीर घेऊन त्याच्या ओठांना लावली. रुद्रनं जीभ फिरवली, तोंड वाकडं केलं आणि सगळं आईच्या मनगटावर थुंकलं.

कुशाबाई फडकं शोधायला उठल्या. तोवर वैष्णवीनं ते चाटून टाकलं होतं.